पुढची डावी सीट

नवी गाडी घेणं हे एक काम आणि घेतल्यावर तिला नटवणं हे दुसरं. पहिल्या कामात बँकवाले दमतात, दुसऱ्यात घरची माणसं एकमेकांना दमवतात. सांगलीच्या सूर्यवंशींची सात जणांची उंचीपुरी गाडी शोरूममधून बाहेर पडून आठवडाही झाला नव्हता, तोवर सीट कव्हरच्या रंगावरून घरात दोनदा अबोला धरून झाला होता. ऋतुराजला काळा रंग हवा होता, त्याची बायको ईश्वरी हिला बिस्किटी, आणि ऋतुराजची आई वैजयंती म्हणत होती, काहीतरी मळखाऊ घ्या, उद्या घरात बाळ येणार आहे. ईश्वरीला पाचवा महिना लागला होता आणि ओकाऱ्या काही थांबायचं नाव घेत नव्हत्या.

शेवटी शनिवारी सकाळी तिघं मगदुमांच्या दुकानात जाऊन बसले. मगदूम गाड्यांच्या सामानाचे जुने व्यापारी. 'नको' हा शब्द त्यांना ऐकूच येत नसे. त्यांनी पायपुसण्या दाखवल्या, खिडक्यांवर लावायच्या पावसाळी पट्ट्या दाखवल्या, मडफ्लॅप, छतावरचं कॅरियर, सीटच्या पाठीला लटकवायचं जेवणाचं टेबल, सगळं दाखवलं.

"वहिनी, गुडघ्याचं काय?" त्यांनी वैजयंतीला विचारलं. "गाडी उंच हाय. फूटस्टेप घ्या, पाय ठेवला की चढलं."

फूटस्टेप ठरली. सीट कव्हर तपकिरी ठरलं, म्हणजे कुणालाच हवं होतं ते नाही. डॅशबोर्डवर वाघजाईची पितळी मूर्ती बसवायची म्हटल्यावर मगदुमांनी डोकं खाजवलं.

"मधोमध नको. तिथं गाडीचा डोळा हाय, रस्ता बघायचा कॅमेरा. देवी आडवी आली तर गाडी जागची हलायची नाही."

"मग देवीला कुठं बसवू म्हणता?" वैजयंतीनं विचारलं.

"जरा डावीकडं. तुमच्यासमोरच की."

हे सगळं चाललं होतं, पण वैजयंतीचं लक्ष त्यात नव्हतं. ती ज्या प्रश्नासाठी गुडघे दुखत असताना इथवर आली होती, तो प्रश्न मगदुमांनी सगळ्यात शेवटी विचारला.

"आणि गाडीला हात कुणाचा बसवायचा?"

हा हात म्हणजे काय, ते सांगायला हवं. गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या, तेव्हा लोकांना वर्षभर अप्रूप वाटलं आणि मग कंटाळा आला. सगळ्या गाड्या एकसारख्या चालत, सरकारी कचेरीतून आलेल्या उत्तरासारख्या, बिनचूक आणि बिनमायेच्या. त्याच सुमारास काही संशोधकांचं लक्ष जुन्या गाड्यांमधल्या नोंदपेटीकडे गेलं. ही पेटी अपघाताच्या तपासासाठी बसवलेली असे. ब्रेकवर पाय कधी पडला, स्टिअरिंग किती वळलं, कोणती काच कुठं खाली झाली, पुढच्या सीटवर किती वजन होतं, हे सगळं तिच्यात वर्षानुवर्षं साठत जाई. चालण्याची जशी प्रत्येकाची ढब असते, तशीच गाडी चालवण्याचीही असते. पुरेशा नोंदी हाताशी असल्या, तर ती ढब गाळून वेगळी काढता येते आणि नव्या गाडीला शिकवता येते, हे त्यांनी दाखवून दिलं.

नवी गाडी कुणाला धडकणार नाही, एवढं तिचं ती बघतेच. त्या मर्यादेत कसं निघायचं, कसं थांबायचं, कुठं रेंगाळायचं, हे तो शिकवलेला ठसा ठरवतो. कागदोपत्री त्याला 'चालन-ठसा' म्हणतात. बाजारात त्याला सरळ 'हात' म्हणतात. कुणी गावाकडच्या चुलत्याचा हात बसवून घेतला, कुणी निवृत्त एसटी ड्रायव्हरच्या मिनतवाऱ्या करून त्याचा घेतला. मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंनी स्वतःचाच लग्नाआधीचा हात बसवला आणि त्या भलत्याच तरुण दिसायला लागल्या, असं मगदूम प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. मग हातांच्या चोऱ्या व्हायला लागल्या आणि कायदा आला. गेलेल्या माणसाचा हात फक्त त्याच्या वारसाला, तोही एकाच गाडीत. जुनी गाडी मोडीत निघाली की तिची नोंदपेटी फोडून टाकायची.

"ह्यांचा बसवायचा," वैजयंती म्हणाली.

तिचे यजमान विश्वासराव साखर कारखान्यात केमिस्ट होते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांची पांढरी गाडी तेव्हापासून दारात ताडपत्रीखाली उभी होती. घरात कुणी ती चालवली नाही, कुणी ती विकू दिली नाही. आता सोमवारी भंगारवाले तिला न्यायला येणार होते.

"जसाच्या तसा येईल ना?" तिनं विचारलं.

"जसाच्या तसा! शेजारी कोण बसलंय, तेबी हाताला कळतंय, वजनावरनं. माणूस हळूहळू सुटला, नाहीतर वाळला, तर हात त्याच्या मागनं मागनं जातोय. एकदम फरक पडला तर मात्र म्हणतो, ह्ये कोणतरी दुसरंच. आणि हे समदं पुढच्या डाव्या सीटचंच बरं का. तसलं माणूस त्याला एकच ठावं असतंय." मगदुमांनी ऋतुराजकडे पाहिलं. "सोमवारपर्यंत वापरून बघा. नाही पटला तर काढून ठेवू, पेटी हाय तोवर परत बसवता येतोय. जुनी पेटी फुटल्यावर मात्र काढला की गेला, कायमचा."

ऋतुराजला हे फारसं पटलेलं नव्हतं, पण आईनं तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

दुपारपर्यंत सगळं बसवून झालं. वैजयंती फूटस्टेपवर पाय ठेवून पुढच्या डाव्या सीटवर चढली आणि तिनं पदर नीट केला. लग्नात केला असेल तितकाच नीट केला. विश्वासरावांच्या गाडीत मांडीवरच्या पातेल्यातलं दूध हिंदकळत नसे. बोलायला माणूस घुमा होता, कौतुकाचा शब्द म्हणून तोंडातून निघायचा नाही, साडी नवी आहे हे सांगावं लागायचं. पण गाडीत तिच्या शेजारी बसले की खड्डा दिसायच्या आधी त्यांना कळायचा. कृष्णेच्या पुलावर तर ते न सांगता गाडी हळू करत आणि तिच्या बाजूची काच खाली करत, कारण नदी ओलांडताना तिला नाणं टाकून हात जोडायचे असत. ते स्वतः हात जोडत नसत. समोर बघत राहत.

ऋतुराज चालकाच्या सीटवर बसला, ईश्वरी मागे. "चल," तो गाडीला म्हणाला.

गाडी उसळून निघाली. चौकात पिवळा दिवा दिसल्याबरोबर ती थांबायच्या ऐवजी पळाली. एसटीच्या मागे लागली, डावीकडून घुसायला बघितलं, जमेना तेव्हा अगदी जवळ जाऊन कचकन थांबली. गतिरोधकावर वैजयंतीचं डोकं छताला लागता लागता राहिलं. घरी पोचेपर्यंत मागे ईश्वरी दोनदा पिशवीत ओकली होती.

"हा ह्यांचा हात नव्हे," वैजयंती खाली उतरून म्हणाली. "त्या मगदुमानं दुसऱ्या कुणाचा तरी गळ्यात मारलाय."

ऋतुराजनं गाडीचं दार लावलं.

"आई, आप्पांचाच आहे," तो म्हणाला. "ते असंच चालवायचे. तू गाडीत नसलीस की."

"काहीतरी बोलू नको."

"मला शाळेत सोडताना पिवळा दिवा दिसला की दाबायचेच. आणि वर म्हणायचे, आईला सांगू नको."

वैजयंती घरात गेली आणि देवासमोरच्या पाटावर बसून राहिली. ज्या सावधपणाला ती जन्मभर नवऱ्याचा स्वभाव समजत आली, तो स्वभाव नव्हताच. तो तिच्यासाठी होता. या माणसानं आयुष्यात तिला एक गोड शब्द दिला नाही म्हणून ती माहेरी जाऊन रडली होती, आणि तो माणूस दर वेळी तिला शेजारी बसवून स्वतःचा पाय आवरून धरत होता. हे तिला कळायला तो जावा लागला. आणि आता कळलं, तर त्याच्या हाताला ती ओळखू येत नव्हती.

का येत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तीन वर्षांत ती निम्मी झाली होती. बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या, सगळ्या ब्लाउजांना टीप घालून झाली होती. पांढरी गाडी ताडपत्रीखाली असताना ती वाळत गेली, म्हणून हाताला तिच्या मागून येता आलं नव्हतं.

"मगदुमांना विचारू का?" ऋतुराजनं दारातून विचारलं. "तुझं आत्ताचं वजन त्यात घालता येत असेल."

"काही नको. ओळखायचं तर ह्यांनी ओळखावं. मी काही ओळखपत्र दाखवणार नाही."

"मग सोमवारी सकाळी काढून टाकतो, आई. ईश्वरीला हे झेपणारं नाही."

मुलगा चुकीचं बोलत नव्हता, हेच तर वाईट होतं.

रविवारी वाघजाईला जायचं ठरलेलंच होतं. नवी गाडी कुलदेवीच्या पायरीशी नेऊन नारळ फोडल्याशिवाय सूर्यवंशींच्या घरात ती आपली समजत नसत. वैजयंती पहाटे उठून पुरणाला लागली. तिनं मोठा पितळी डबा भरला, ओटीची साडी घेतली, पाच नारळ घेतले, कळशीत पाणी घेतलं, आणि सगळं वेताच्या टोपलीत रचून वर सोवळ्याचं फडकं घातलं.

"आण, डिकीत ठेवतो," ऋतुराज म्हणाला.

"देवीचा नैवेद्य डिकीत? तिथं तुझा हवेचा पंप आहे, फाटके बूट आहेत."

"मग खाली पायाशी ठेव."

"पायाशी!" तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं विषय सोडला. इतकी वर्षं जशी नेली, तशीच तिनं टोपली मांडीवर घेतली आणि पुढच्या डाव्या सीटवर बसली. ईश्वरीला कालची धास्ती होती, ती मागे आडवी झाली.

"चल," ऋतुराज म्हणाला आणि त्यानं दाराची मूठ घट्ट धरली.

गाडी निघाली ते कळलंसुद्धा नाही. गल्लीच्या तोंडाशी कुत्रं आडवं बसलं होतं, त्याच्यासाठी ती लांबूनच हळू झाली. चौकात दिवा पिवळा झाला आणि गाडी थांबली, सावकाश, कळशीतल्या पाण्यावर तरंगही न उठता. ऋतुराजनं मूठ सोडली. त्यानं आईकडे पाहिलं, मग टोपलीकडे, आणि त्याला उमगलं. वैजयंतीला अजून उमगलं नव्हतं. ती टोपलीच्या कडा धरून श्वास रोखून बसली होती.

कृष्णेचा पूल आला. गाडी हळू झाली. तिच्या बाजूची काच आपोआप खाली गेली आणि नदीचा गार, ओलसर वारा आत आला.

"ओळखलं," ती म्हणाली. "ऋतू, ओळखलं रे ह्यांनी मला."

डोळ्यांना धार लागली होती. नाणी तर बाजारातून कधीच गेली होती, पण तिनं जुन्या कुंकवाच्या करंड्यात मूठभर जपली होती आणि त्यातलं एक बटव्यात टाकून आणलं होतं. टोपलीखाली दबलेला बटवा ओढेपर्यंत आणि त्याचा बंद सोडेपर्यंत पूल संपला. काच वर गेली. तिला आतल्या आत चुटपुट लागली, पण ती हसत होती. परतताना टाकू, म्हणाली.

"टोपलीमुळे, आई," ऋतुराज हळूच म्हणाला. "तीन वर्षांत तू जेवढी वाळलीस, तेवढं वजन टोपलीनं भरून काढलं. आप्पांच्या हाताला तू पूर्वीच्याच वजनाची ठाऊक आहेस."

"असू दे," वैजयंती म्हणाली. "टोपलीसकट तर टोपलीसकट."

गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागे शांतपणे थांबत होती, खड्डे चुकवत होती, आणि वैजयंती गेलेले दिवस एकेक आठवत होती. कितीतरी वेळा ती याच सीटवर तोंड फुगवून बसली होती. एकदा कोकणातून येताना तर दिवसभर बोलली नव्हती. त्या दिवशीही गाडी अशीच चालली असणार. तिनं तेव्हा बघितलंच नव्हतं.

डोंगराच्या पायथ्यापासून घाट सुरू झाला. रस्ता इतका वळणांचा की विश्वासरावांचा हातसुद्धा त्याला सरळ करू शकत नव्हता. देवळाशी गाडी थांबली तेव्हा ईश्वरी मागच्या सीटवर पांढरीफटक पडली होती. घामानं केस कपाळाला चिकटले होते. तिनं पायरीवर बसून पाणी प्यायलं आणि ते पाणीही पोटात राहिलं नाही.

पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवून झाली, नारळ फुटला, पितळी देवीला हळदीकुंकू लागलं. पण परत जायचं कसं, हा प्रश्न तिघांच्याही मनात होता आणि कुणी तो काढत नव्हतं.

"ईश्वरीला पुढं बसवायला हवं," शेवटी ऋतुराज म्हणाला. "पुढं बसलं की हिला कमी मळमळतं. पण ही बसली की गाडी कालच्यासारखी उधळणार. तेव्हा मी हात बंद करतो. उद्या नाहीतरी..." तो थांबला. "आई, काढायचं जिवावर येतंय मला. पण रोज दवाखान्यात जायचंय, पुढं बाळाला घेऊन जायचंय. तू दर वेळी टोपली घेऊन पुढं कशी बसणार?"

"मी मागं बसते," ईश्वरी घाईनं म्हणाली. "आईंना बसू द्या. मला काही होत नाही." हे म्हणताना तिनं पायरीचा कठडा धरला होता.

वैजयंतीनं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "जरा थांबा दोघं. मी आलेच."

ती एकटीच गाडीत चढून आपल्या सीटवर बसली. दार ओढून घेतलं. गाडी उभीच होती, तिथं कुणी नव्हतं, समोर नुसती देवी होती. तरी ती उजवीकडे वळून रिकाम्या सीटशी बोलली.

"एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं तुमचं?" ती म्हणाली. "आणि मी तरी कुठं विचारलं म्हणा. आता ऐका. ही पोर अवघडलेली आहे. तुमचं नातवंड आहे पोटात. माझ्यासाठी केलंत, ते आता हिच्यासाठी करा. मला ओळखलंत, पोचलं मला."

तिला मगदुमांचं बोलणं आठवत होतं. हाताला शेजारचं माणूस एकच ठाऊक असतं, आणि तो त्याच्या मागून मागून जातो. ईश्वरी आता महिन्यामहिन्याला जड होत जाणार. हात तिच्या मागून जाणार. पुन्हा कधी टोपली घेऊन बसलं तरी तो वैजयंतीला ओळखणार नव्हता. तिनं सीटच्या कडेवरून एकदा तळवा फिरवला आणि फूटस्टेपवर पाय देऊन खाली उतरली.

"ईश्वरी, ये. बस पुढं."

"अहो आई, पण..."

"बस म्हणते ना. ऋतू, हात बंद करायचा नाही."

ईश्वरी बसली. वैजयंतीनं टोपली उचलली. पोळ्या देवीपुढं वाढून झाल्या होत्या, डबा रिकामा होता. पण आजची वैजयंती आणि ईश्वरी यांत ईश्वरीच जड होती, त्यामुळे तिला जमा-वजा डोळ्यांनीच करता आली. पुढं सून जड होईल तशी टोपली हलकी करत न्यायची होती. तिनं एक नारळ काढून घेतला, कळशी राहू दिली, आणि टोपली सुनेच्या मांडीवर ठेवली. पोटावर दाब येऊ नये म्हणून जरा पुढं सरकवली.

"प्रसाद आहे. खाली ठेवायचा नाही."

आणि ती मागे जाऊन बसली. मागून गाडी वेगळीच दिसत होती. पुढच्या सीटची उंच पाठ आडवी येत होती, रस्ता अर्धाच दिसत होता.

"चल," ऋतुराज म्हणाला.

गाडी निघाली. पहिल्या वळणावर ती इतकी हळू झाली की मागून येणाऱ्या जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. तिनं त्याला खुशाल पुढं जाऊ दिलं. विश्वासरावांनी एकट्यानं कुणाला असं पुढं जाऊ दिलं नसतं. घाट उतरेपर्यंत ईश्वरीच्या गालांवर रंग आला आणि पायथ्याशी तिनं चक्क भूक लागली म्हणून सांगितलं. ऋतुराज हसला. वैजयंतीही हसली. देऊन टाकलं होतं खरं, पण दिल्यावर इतकं रिकामं वाटेल असं तिला वाटलं नव्हतं.

उन्हं उतरता उतरता कृष्णेचा पूल आला. गाडी हळू झाली आणि पुढची डावी काच खाली गेली.

"अगंबाई," ईश्वरी दचकून म्हणाली. "ही काच कशी उघडली? मी कशाला हातच लावला नाही."

मागून, दोन सीटांच्या मधून, बांगड्या कोपरापर्यंत चढलेला एक हात पुढं आला. तळव्यावर एक जुनं नाणं होतं.

"टाक," वैजयंती म्हणाली. "आणि नदीला नमस्कार कर. ते थांबलेत तुझ्यासाठी."

ईश्वरीनं नाणं टाकलं आणि टोपली सांभाळत हात जोडले. गाडी पूल संपेपर्यंत तशीच हळू चालत राहिली. मागच्या सीटवर वैजयंतीनंही हात जोडले होते. तिच्या बाजूची काच बंद होती.